व्याह्यांना टोमणे मारायचे नाहीत

बातिस्त काकांचा आवाज बसल्याचं घरात सगळ्यात आधी कळलं ते कोंबड्याला. रोज पहाटे काका खिडकीतून त्याच्यावर खेकसायचे, तेव्हा कुठे तो गप्प बसायचा. लग्नाच्या दिवशी मात्र चांगलं उजाडलं तरी तो खुशाल आरवत राहिला.

रोसेर हातातला झारा तसाच घेऊन काकांच्या खोलीत गेली आणि परत आली ती भिंतीला धरून.

"ताई," ती म्हणाली, "काकांच्या तोंडातून फक्त वारा येतोय."

आसुम्ता स्वयंपाकघराच्या टेबलाशी कॉफी पीत बसली होती. कालच बार्सिलोनाहून आली होती, भाचीच्या लग्नासाठी. मागच्या अंगणात मोठ्या परातीएवढ्या तव्यांत बदकाचा भात शिजायला लागला होता आणि कालव्याच्या कडेला टेबलं मांडण्याची घाई चालली होती.

"काल बैलांचा खेळ होता ना गावात," रोसेरचा नवरा एलिसेउ दारातून म्हणाला. "सगळ्यांच्या मागे बैल लागतो. काका बैलाच्या मागे लागले होते. शिव्या देत."

"आता जोता कोण गाणार?" रोसेर म्हणाली.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एब्रो नदीच्या त्या त्रिभुज प्रदेशात लग्नाच्या जेवणावर जोता झाली नाही, तर लग्न झालं असं कुणी धरत नाही. वाजंत्रीवाले वाजवतात, गाणारा एकेका माणसासमोर जाऊन उभा राहतो आणि जागच्या जागी चार ओळी रचून त्याची खोड काढतो. गाण्याआधी शेजारीपाजारी गाणाऱ्याच्या कानाला लागून ज्याची त्याची गुपितं पुरवतात. बातिस्त काकांनी या घरातल्या तीन पिढ्यांची अशी लग्नं लावली होती.

रोसेरची नजर हळूहळू आसुम्तावर येऊन थांबली. एलिसेउचीही.

"नाही," आसुम्ता म्हणाली.

"मी अजून काही बोलले तरी का?"

"तू झारा माझ्याकडे रोखला आहेस."

"तू कवी आहेस ना?"

"कवी आहे म्हणूनच नाही म्हणते. एक कविता लिहायला मला अख्खा हिवाळा लागतो, रोसेर. एकेक ओळ वीस वेळा खोडते मी."

"मग आज कमी खोड," एलिसेउ म्हणाला. "ओळी चारच तर आहेत."

आसुम्ताला हसू आलं. तिची पुस्तकं बार्सिलोनात कॅटलानमध्ये निघायची, माद्रिदला स्पॅनिशमध्ये. एकाचं दुसऱ्यात भाषांतर ती कधीच करत नसे. वडील इथले, भातशेतीवाले. आई मुर्सियाकडची, स्पॅनिश बोलणारी; भातातलं तण उपटायला मजुरीवर आली आणि इथलीच झाली. लहानपणी रागावणं एका भाषेत आणि लाड दुसऱ्या भाषेत होत, तेव्हा कुठली कविता कुठल्या भाषेत येईल हे तिच्या हातात नव्हतंच. बार्सिलोनातले लोक विचारायचे, खरी भाषा कुठली? माद्रिदचे लोकही तेच विचारायचे. ती म्हणायची, दोन पायांपैकी खरा कुठला ते आधी सांगा.

ती सगळी पुस्तकं रोसेरच्या कपाटात, काचेमागे, चांदीच्या सुरईशेजारी उभी होती. पण घरातल्या कुणाच्या तोंडी तिची एक ओळ तिनं आजवर ऐकली नव्हती. आणि बातिस्त काकांनी कुठल्या काळी पाववाल्याच्या सासूवर रचलेल्या चार ओळी आजही पावाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बायका म्हणून दाखवत. काकांना लिहायचा कंटाळा. कागदावरची कविता म्हणजे काकांच्या मते वाळवलेला मासा: टिकते, पण पोहत नाही.

आज आपण गायलो आणि पडलो, तर एवढ्या वर्षांच्या लिखाणावर हीच माणसं कायमची हसतील. आणि गायलोच नाही, तर पुन्हा कधी विचारणार नाहीत. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड होती.

नवरी आर्लेत केसांना चिमटे लावलेल्या अवस्थेत खाली आली. "मावशी, तू गाणार म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"आई जिन्यातून ओरडली ना."

"बरं," आसुम्ता म्हणाली. "गाते."

*

काकांनी तिला पलंगाशी बोलावून घेतलं. गळ्याला लोकरीचा मफलर, तोंडात मधाचा चमचा. गावातल्या पोरांना ते दर रविवारी जोता शिकवत, त्यामुळे आवाज नसतानाही शिकवायची खोड गेली नव्हती.

"शेवटची ओळ आधी शोध," त्यांनी श्वासाच्याच आवाजात सांगितलं. "मासा आधी पकड, टोपली मग विण. तीन ओळी म्हणजे नुसती टोपली."

"आणि सुचलं नाही तर?"

"मग ट्रंपेटवाल्याकडे बघ. तो आणखी एक फेरा वाजवेल. माझ्यासाठी कितीदा वाजवलाय त्यानं. लोकांना वाटतं, काका रंगात आले." ते गालात हसले. मग चमचा उगारून म्हणाले, "आणि पोरी, स्तुती करू नको. स्तुती केली की लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या माणूस कंटाळला तरी वाजवतो."

जिना उतरताना आसुम्ताच्या लक्षात आलं, की काकांनी सगळं नीट शिकवलं खरं, पण तिला यश येईल या कल्पनेनं ते फारसे खूश नव्हते. तिला त्यांचा तो हेवा फार आवडला. आजवर कुणा मोठ्या कवीनं तिचा एवढ्या प्रामाणिकपणे हेवा केला नव्हता.

खाली रोसेरनं तिला दाराआड ओढलं.

"एक लक्षात ठेव. व्याह्यांना टोमणे मारायचे नाहीत."

नवरा मुलगा रोके याची माणसं ग्रानादाजवळच्या डोंगरातून आली होती. आई, वडील, दोन आत्या आणि आजी.

"का बरं?"

"त्यांना आपली रीत माहीत नाही. त्या अंगुस्तियास आजी काल आल्यापासून एकदाही हसल्या नाहीत. सोबत घरचं तेल, घरचा पाव, मीठसुद्धा घरचं घेऊन आल्यात! उगाच काहीतरी लागायचं त्यांना. त्यांच्या टेबलाशी गेलीस की गोड गोड बोल. नाहीतर सरळ पुढे जा."

"आणि गायचं आपल्याच भाषेत, कॅटलानमध्ये," एलिसेउनं पुस्ती जोडली. "जोता आपली आहे."

आसुम्तानं मान डोलावली. खरं तर तिला सुटल्यासारखंच वाटलं. पाच माणसं कमी झाली.

*

पहिली जोता तिनं आर्लेतवर गायली. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी ना गोड ना खारं, अशी काहीशी ती उपमा होती. आवाज थरथरला, पण ओळी नीट बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"छानच," कुणीतरी म्हणालं.

"हो, छान," शेजारचा म्हणाला. "म्हणजे काय पण?"

आसुम्तानं ते ऐकलं. पहिल्या टेबलाशी बातिस्त काका मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून सावकाश टाळी वाजवली. एकच.

तिचे कान तापले. ती तशीच वळली आणि एलिसेउसमोर जाऊन उभी राहिली. नवीन ट्रॅक्टर आणल्याच्या पहिल्याच दिवशी त्यानं तो कालव्यात घातला होता आणि वर आल्यावर "धुवायला नेला होता" असं सांगितलं होतं. शेवटची ओळ तिथे आयती पडलेली होती. तिनं मासा पकडला, मागे टोपली विणली आणि गायली.

अंगणात हशा फुटला. एलिसेउचा धाकटा भाऊ खुर्चीवरून खाली आला. एलिसेउ लाल होऊन ओरडला, "कुणी सांगितलं हिला? कोण लागलं होतं कानाला?" आणि त्याच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता.

त्यानंतर आसुम्ताला धरवेना. ती टेबलामागून टेबल फिरली. पाववाला, गावची नर्स, ट्रंपेटवाला स्वतः. लोक उठून तिच्या कानाशी येत, एकमेकांची गुपितं सांगत आणि साळसूदपणे जागेवर जाऊन बसत. दोन ओळी फसल्या, एक तर पार लंगडली, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. काकांचा चेहरा मात्र दर जोतेगणिक लांब होत चालला होता.

मग व्याह्यांचं टेबल आलं. आसुम्तानं ठरल्याप्रमाणे रोकेच्या आईवडिलांवर चार गोड ओळी गायल्या. दूरची मोठी माणसं, थोर मनं, वगैरे. आत्यांना वाकून नमस्कार केला. आजींकडे बघून अदबीनं हसली आणि पुढे सरकली.

टाळ्या पडल्या. आणि अंगुस्तियास आजींनी काटा खाली ठेवला, नॅपकिन घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि रोकेला म्हणाल्या, "माझा कोट आण."

"का हो आजी? थंडी वाजते?"

"बस कुठून सुटते ते विचार कुणाला तरी."

वाऱ्यानं दिवा विझावा तसं ते टेबल शांत झालं. आणि बघता बघता शेजारचंही. रोसेर पदार्थांचं तबक हातात घेऊन धावत आली. भोपळ्याच्या मोरंब्याच्या करंज्या त्यावर थरथरत होत्या.

"काय गायलीस तू त्यांना?" तिनं दबक्या आवाजात बहिणीला धारेवर धरलं.

"स्तुती! तूच सांगितलेली!"

"तरी मी म्हणत होते, पुढे जा म्हणून!"

"गेले की पुढे!"

तिकडे एक आत्या दुसरीला सांगत होती, या लोकांना आपण नकोच होतो. इकडे एलिसेउ भावाला सांगत होता, या लोकांना कशाचंच कौतुक नाही. आर्लेत आणि रोके दोघं मध्ये उभे होते. रोकेच्या हातात कोट होता आणि तो धरावा की लपवावा हे त्याला कळत नव्हतं.

आसुम्ता आजींशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आजी, माझं काय चुकलं ते मला सांगून जा. नाहीतर माझी बहीण मला जन्मभर सांगत राहील."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. बारीक, काळे, तीक्ष्ण डोळे.

"माझ्यात काय कमी आहे गं?"

"कमी?"

"त्या जाड्याला तू सोललंस. पाववाल्याला सोललंस. त्या बाजेवाल्याची तर अब्रू काढलीस. मला तुमची भाषा कळत नाही, पण माणूस कधी सोलला जातो ते कळतं. सगळे कसे खूश होते! आणि आमच्यापाशी आलीस तर साखर वाटलीस. जशी दवाखान्यात आजाऱ्याला." त्यांनी कोटासाठी हात पुढे केला. "मी तुमच्या घरात नातू दिलाय. अडीचशे गावं ओलांडून आलेय. मला एक टोमणासुद्धा नाही?"

तिला एकदम आई दिसली. फुएन्सांता. प्रत्येक लग्नात शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर बशी घेऊन, सगळ्यांच्या जोतांवर हसत बसलेली. काकांनी भावांवर गायलं, भावजयांवर गायलं, शेजारणींवर गायलं, पण या एका वहिनीवर कधी नाही. परमुलखातली आहे, तिला लागेल, म्हणून. आसुम्ताला कायम वाटत आलं होतं, केवढा तिचा मान राखतात! आई घरी जाताना वाटेत गप्प का असायची, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ती उठली. "रोके, कोट ठेव खाली." मग वाजंत्रीवाल्यांकडे वळून म्हणाली, "वाजवा."

"ताई!" रोसेर म्हणाली.

"तू करंज्या वाढ."

ट्रंपेटचा एक फेरा झाला. आसुम्तानं डोळे मिटले, उघडले, ट्रंपेटवाल्याकडे पाहिलं. त्यानं बिचाऱ्यानं आणखी एक फेरा घेतला. मग सुरावट तीच ठेवून, इथली, वडिलांची, पण शब्द आईच्या भाषेतले घेऊन तिनं सुरुवात केली:

*डोंगरावरनं आली आजी, रुमालात मीठ बांधून,*
*आमच्या भाताला नावं ठेवते नाक वर करून;*
*पाणचट म्हणते, बेचव म्हणते, मान हलवून हलवून —*
*बोलता बोलता तिसरं ताट बसली की हो संपवून!*

कुणी हसलं नाही. कुणाची छाती होईना. रोसेरनं तर डोळेच मिटून घेतले. रोकेची आई पुटपुटली, "देवा रे."

आजी उभ्या राहिल्या. वाटलं, आता निघाल्या. पण त्यांनी टेबलाला धरून कंबर सरळ केली, वाजंत्रीवाल्यांना हातानं थांबू नका अशी खूण केली आणि अशा काही खणखणीत आवाजात गायला लागल्या की झाडावरचे बगळे उडाले. चाल त्यांच्या डोंगरातली होती, त्यामुळे क्लॅरिनेटवाला बिचारा मागून धापा टाकत आला.

*तिसरं कुठलं? चौथं होतं! मोज की नीट बाई,*
*दोन भाषांत लिहिते म्हणे, हिशेब येत नाही;*
*दोन चुली पेटवून बसते, फुंकण्याचीच घाई —*
*भात मात्र धाकटीचा खाते, कांदा चिरत नाही!*

रोसेरच्या हातातलं तबक टेबलावर आदळलं.

"हे मी तीस वर्षं सांगतेय!" ती ओरडली. "तीस वर्षं! सकाळपासून एक कांदा चिरला नाही हिनं!" आणि ती हसत सुटली, ती इतकी, की आत्यांनी तिला दोन्हीकडून धरलं आणि त्याही हसायला लागल्या. एलिसेउला स्पॅनिश नीट कळत असूनही तो भावाला म्हणत होता, "काय म्हणाली? काय? परत सांग!" त्याला ते दोनदा ऐकायचं होतं एवढंच.

"आमच्या गावात," आजी खाली बसत म्हणाल्या, "खळ्यावर रात्र रात्र हेच चालतं. तुम्हाला काय वाटलं, फक्त भात पिकवणाऱ्यांनाच तोंड असतं?"

"मग काल सांगितलं का नाही?"

"पाहुण्यानं आधी गायचं नसतं. यजमानानं आधी टोमणा मारायचा." त्यांनी कोट खुर्चीवर टाकला आणि त्यावरच बसल्या. "त्या करंज्या इकडे दे."

आसुम्ता हरली होती, आणि चांगलीच हरली होती. पावाच्या दुकानात उद्या कांदा म्हटला जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की आपलं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

कुणीतरी तिची बाही ओढली. रोसेर होती. डोळे पुसत होती. हसण्याचं पाणी होतं, पण सगळंच नव्हतं. तिनं रिवाजाप्रमाणे बहिणीच्या कानाला तोंड लावलं.

"आईवर गा."

आसुम्ता झटकन तिच्याकडे वळली.

"तिच्यावर कुणी कधी गायलंच नाही, ताई. मला आत्ता ध्यानात आलं. त्या आजी उठून चालल्या ना, तेव्हा."

"मलाही तेव्हाच," आसुम्ता म्हणाली. "काय गाऊ?"

"स्तुती नको."

"छे!"

"पत्त्यांत फसवायची, ते गा. राजा मोज्यात लपवायची."

"ते सगळ्यांना माहीत आहे. घोरायची."

"आई घोरत नव्हती! बाबा घोरायचे!"

"दोघंही घोरायचे, आणि आपापल्या भाषेत."

"मग बाबांवरून काहीतरी काढ," रोसेर म्हणाली. "मिशांवरून. तिला त्या मिशा कधी आवडल्या नाहीत."

वाजंत्रीवाले ताटकळले होते. ट्रंपेटवाल्यानं भुवई उंचावली: आणखी एक फेरा? आसुम्तानं मान हलवली. नको. शेवटची ओळ तिला सापडली होती, आणि ती शोधायला जेमतेम एक श्वास लागला होता. ती अंगणाच्या मधोमध गेली. ज्या माणसासमोर उभं राहायचं होतं ते आता जगात नव्हतं, म्हणून ती काकांसमोर उभी राहिली. पहिल्या दोन ओळी आईच्या भाषेत आल्या, पुढच्या दोन वडिलांच्या, आणि तिनं दोन्ही येऊ दिल्या.

*तण उपटायला आली बाई, परमुलखातून चालून,*
*वाफ्यावाफ्यातलं तण तिनं टाकलं सगळं उपटून;*
*एकच तण उपटेना तिला, बसलं मिशा वाढवून —*
*तेच धरून चाळीस वर्षं राहिली इथंच रुजून!*

पहिलं हसू काकांचं होतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. सख्खा भाऊच तण ठरला होता त्यांचा! त्यांनी मफलर सोडून टेबलावर टाकला आणि दोन्ही हातांनी टेबल बडवलं. मग सगळं अंगण हसलं, फुएन्सांताला ओळखणारी म्हातारी माणसं आणि तिला कधीच न पाहिलेली ग्रानादाची माणसंही. अंगुस्तियास आजींनी शेजारच्या माणसाला पुढच्या दोन ओळींचा अर्थ विचारून घेतला आणि मग एकट्याच, सगळ्यांच्या नंतर, मोठ्यानं हसल्या.

"कोण होती ही बाई?" त्यांनी विचारलं.

"आमची आई," रोसेर म्हणाली.

"भेटायला हवं होतं हिला."

काका काहीतरी बोलत होते. आसुम्ता वाकली.

"टोपली जरा ओबडधोबड आहे," ते श्वासाच्या आवाजात म्हणाले. "पण मासा पोहतोय. परत म्हण."

तिनं वाजंत्रीवाल्यांना खूण केली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. दुसरीत रोसेर आली, बेसूर आणि ठाम. तिसरीत टेबलामागून टेबलं येत गेली. चौथ्या ओळीसाठी आसुम्तानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती ओळ म्हणायला आता तिची गरज नव्हती.